चुका पोटात घालणारा ड्रायव्हर घेतला, तरी चेंडू उजवीकडेच का जातो?

गोल्फमध्ये ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब. नवा, मोठ्या हेडचा, ‘फर्गिव्हिंग’ (चुका पोटात घालणारा) म्हणून विकला जाणारा ड्रायव्हर घेतल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या चांगल्या जातात, चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, सापडू लागतो, आणि चौथ्या किंवा पाचव्या फेरीत तोच जुना स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका, परत येतो. काही दिवस रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, घाम गाळला की तो जातो, महिन्याभराने पुन्हा येतो, आणि वर्ष-दीड वर्षाने खेळाडू आणखी नव्या ड्रायव्हरकडे वळतो. अठरा-वीस हॅन्डिकॅपच्या, म्हणजे मध्यम वकुबाच्या हौशी, मंडळींत ही तक्रार इतकी सर्रास आढळते की ड्रायव्हर बदलणे हाच तिच्यावरचा रिवाज होऊन बसला आहे. मी स्वतः तो दोनदा पाळला आहे. येरवड्याच्या मैदानावरच्या झाडांत आणि खारघरच्या गवतात घालवलेल्या चेंडूंची किंमत त्यात धरलेली नाही. तिसऱ्यांदा पैसे मोजण्यापूर्वी मात्र दोष नेमका कुठे आहे हे शोधायचे ठरवले, आणि पुढे दिलेला तपासाचा क्रम त्यातून तयार झाला. हे सर्व उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिले आहे. डावखुऱ्या खेळाडूंनी दिशा उलट करून वाचावे.

हा क्लब नेमकी कोणती चूक पोटात घालतो

मोठ्या हेडचा ड्रायव्हर खेळाडूची मुख्यतः एकच चूक सांभाळून घेऊ शकतो, ती म्हणजे चेंडू फेसच्या, म्हणजे हेडच्या चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या, मध्यावर न लागणे. चेंडू ‘टो’कडे, म्हणजे बाहेरच्या टोकाकडे, किंवा ‘हील’कडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला लागला, तर हेड स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती थोडे फिरते आणि चेंडूला मिळायला हवी ती ऊर्जा त्या फिरण्यात खर्च होते. हे फिरणे किती होईल ते हेडच्या जडत्व आघूर्णावर, म्हणजे फिरण्याला असलेल्या त्याच्या विरोधावर, अवलंबून असते. वजन मध्यापासून जितके दूर, कडेला आणि मागे नेलेले असेल, तितके हेड फिरायला नाखूश असते. १९९१ मध्ये कॅलवेचा पहिला बिग बर्था आला तेव्हा त्याचे १९० सीसीचे हेड अवाढव्य वाटले होते. आज नियमाने कमाल मर्यादा ४६० सीसी आहे आणि सरासरी खेळाडूंसाठी बनवलेला जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर त्या मर्यादेला टेकलेला असतो.

उभ्या अक्षाभोवतीच्या जडत्व आघूर्णालाही नियमांनी ५९०० ग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा घातली आहे. २००७ मध्ये नायकीने जो चौकोनी हेडचा ड्रायव्हर आणला, त्याच्या नावातच हा ५९०० चा आकडा होता. याचा अर्थ असा की या एका बाबतीत कारखान्यांना पुढे सरकायला फारशी जागा तेव्हाच उरली नव्हती. २०२४ मध्ये पिंगच्या जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेडच्या क्यूआय१० मॅक्स या ड्रायव्हरांच्या निमित्ताने ‘दहा हजार’चा जो गाजावाजा झाला, तो आकडा दोन अक्षांवरच्या आघूर्णांची बेरीज आहे. त्यातला टो-हीलचा भाग जुन्याच मर्यादेत बसतो आणि उरलेला भाग चेंडू फेसवर वर किंवा खाली लागल्यास उपयोगी पडतो. ही सुधारणा खरी आहे, परंतु दहा हजार वाचून मर्यादा दुप्पट झाल्यासारखे वाटत असेल तर तसे झालेले नाही.

याचा मैदानावर किती फरक पडतो, ते शाळेत शिकलेल्या गणिताने अंदाजे काढता येते. हेड २०० ग्रॅमचे, चेंडू ४६ ग्रॅमचा आणि फटका मध्यापासून २ सेंटीमीटर टोकडे लागला असे धरू. जुन्या लहान हेडचे आघूर्ण समजा २००० असेल, तर केवळ फिरण्यामुळे चेंडूचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. ५००० असेल तर ३ टक्क्यांनी आणि ५९०० असेल तर अडीच टक्क्यांनी. ज्याचा मध्यावरचा फटका ताशी १३५ मैलांनी निघतो, त्याच्यासाठी ताशी एक मैल म्हणजे साधारण दोन यार्ड धरले, तर लहान हेडमुळे अठरा-एकोणीस यार्ड जातात, आजच्या चांगल्या हेडमुळे आठ आणि सर्वांत स्थिर हेडमुळे सातच्या आत. फेसच्या कडेची लवचीकता कमी असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक जातात, पण प्रमाण हेच राहते. म्हणून वडिलांच्या किंवा काकांच्या बॅगेतून आलेला जुना, लहान हेडचा ड्रायव्हर बदलणे शहाणपणाचे आहे, आणि गेल्या सहा-सात वर्षांतला मोठ्या हेडचा ड्रायव्हर नव्या मॉडेलसाठी बदलणे म्हणजे यार्ड-दीड यार्डासाठी चाळीस-पन्नास हजार रुपये मोजणे आहे.

या सगळ्या हिशोबात फेस कोणत्या दिशेला उघडा होता याचा उल्लेख कुठेच येत नाही, आणि मुख्य अडचण तिथेच आहे. चेंडू कोणत्या दिशेला निघेल हे बहुतांशी फटक्याच्या क्षणी फेस कुठे पाहत होता त्यावर ठरते. तो हवेत किती वळेल हे फेसची दिशा आणि हेडच्या प्रवासाची दिशा यांतल्या अंतरावर ठरते. फेस लक्ष्याच्या उजवीकडे केवळ ४ अंश उघडा असेल, तर २०० यार्डांवर चेंडू सुमारे १४ यार्ड उजवीकडे असतो, आणि स्लाइसचे वळण त्यात अजून मिळवलेलेच नाही. हेड कितीही स्थिर असले तरी उघडा फेस ते बंद करून देत नाही. उलट गुरुत्वमध्य शाफ्टपासून आणि फेसपासून दूर नेलेले मोठे हेड काही खेळाडूंच्या हातांना वेळेवर वळवायला जड जाते, आणि अशा खेळाडूचा स्लाइस नव्या क्लबने किंचित वाढतोसुद्धा.

आधी फेसवरची खूण पाहावी

पहिल्या दोन ड्रायव्हरांच्या वेळी मी जे केले नाही आणि जे सर्वांत स्वस्त आहे, ते हे. रेंजवर जाताना साधी टाल्कम पावडर आणि ओलसर फडके न्यावे. फेसवर फडके फिरवून वरून पावडरचा पातळ थर द्यावा, म्हणजे प्रत्येक फटक्याची गोल खूण स्पष्ट उमटते. पावडर वाऱ्याने उडत असेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढावा. तो ठिपका फेसवर उतरतो. वीस चेंडू मारावेत, प्रत्येक खुणेचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि त्याच वेळी चेंडू कुठून निघाला आणि कुठे वळला हे लिहून ठेवावे. वाईट फटके ‘हा धरू नका’ म्हणून वगळू नयेत, कारण आपण शोधतो आहोत ते त्याच फटक्यांत आहे. हा प्रयोग रेंजपुरताच ठेवावा. खेळताना फटक्यावर परिणाम व्हावा म्हणून फेसला काही लावणे नियमबाह्य आहे, आणि टी-बॉक्सवर, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याच्या जागी, पावडरचा डबा काढणाऱ्याकडे कॅडी ज्या नजरेने पाहील ती वेगळीच.

खुणा हाती आल्यावर असे दिसते की एकाच नावाच्या स्लाइसमागे निदान दोन वेगळे आजार असतात.

पहिला आजार हीलचा. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, आडवा किंचित फुगीर असतो. चेंडू हीलकडे लागला की हेड एका दिशेला फिरते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडू उलट दिशेला फिरू लागतो. हीलच्या बाबतीत ही फिरकी स्लाइसची असते. चेंडू सरळ किंवा थोडा डावीकडे निघतो, मग उजवीकडे वळतो आणि अंतरही कमी पडते. माझ्या पहिल्या वीस फटक्यांतल्या तेरा खुणा हीलकडे होत्या, आणि इतकी वर्षे मी मनगटांना दोष देत होतो. टोकडे लागलेल्या चेंडूला याच कारणाने ड्रॉची, म्हणजे डावीकडे वळवणारी, फिरकी मिळते, म्हणून अनेकांचे सर्वांत लांब गेलेले फटके मध्यापासून थोडे टोकडे आणि वरच्या बाजूला लागलेले आढळतात.

हीलकडे फटके लागण्याचे कारण पुष्कळदा स्विंगमध्ये नसून उभे राहण्यात असते. क्लब जमिनीवर टेकवून फेसचा मध्य चेंडूसमोर ठेवण्याची सवय आपल्याला आयर्नमुळे, म्हणजे जमिनीवरचा चेंडू मारायच्या क्लबमुळे, लागते. पण ड्रायव्हरचा चेंडू उंच टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो. टेकवलेला क्लब तेवढा वर उचलून पाहिला की हेड वर जाताना बाहेरही सरकते, आणि मध्यासमोरचा चेंडू हीलसमोर येतो. म्हणून एकतर क्लब चेंडूच्या उंचीवर अधांतरी धरून उभे राहावे, किंवा टेकवायचाच असेल तर चेंडू टोसमोर ठेवावा. याला जोडून दुसरी गोष्ट वजनाची. खाली येताना शरीराचे वजन पायाच्या बोटांकडे झुकले, तर सगळा क्लबच बाहेर ढकलला जातो. चेंडूच्या पलीकडे दोन बोटे अंतर सोडून चेंडूचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवावा आणि त्याला न लागता चेंडू मारावा. दहा-बारा फटक्यांत वजन आपोआप टाचांकडे येते. माझा अर्धा स्लाइस एवढ्यानेच गेला. त्यात ड्रायव्हरचा काहीच वाटा नव्हता हे मान्य करायला थोडा वेळ लागला.

दुसरा आजार त्याहून चिवट आहे. खुणा मध्यावर किंवा टोकडे आहेत आणि तरीही चेंडू उजवीकडेच वळतो आहे, तर फेस खरोखरच बराच उघडा येतो आहे. टोवरची ड्रॉची फिरकीसुद्धा त्याला पुरी पडत नाही. इथे हेडच्या आकाराकडून अपेक्षा ठेवू नये. आधी डाव्या हाताची पकड पाहावी: वरून खाली पाहताना बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसत असेल, तर हात थोडा उजवीकडे फिरवून दोन-अडीच गाठी दिसतील असा धरावा.

खुणा सातत्याने फेसच्या खालच्या भागात असतील, तर चेंडू वर चढून, जणू फुग्यासारखा, जागीच पडतो. खालच्या फटक्यात बॅकस्पिन, म्हणजे चेंडूची उलटी फिरकी, वाढते. याला बहुधा टीची उंची कारणीभूत असते. क्लब टेकवल्यावर निम्मा चेंडू हेडच्या वरच्या कडेपेक्षा उंच दिसला पाहिजे. रेंजच्या मॅटवरची रबरी टी एकाच मापाची आणि झिजलेली असते, त्यामुळे मॅटवर घेतलेल्या खुणा आणि गवतावर घेतलेल्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात.

जुळवणीतला दोष

माझा दुसरा ड्रायव्हर दुकानातला चाचणीचा नमुना म्हणून सवलतीत मिळाला होता. हेडवर १०.५ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, कोरलेला होता. तीन महिन्यांनी एका मित्राने शाफ्टच्या तळाची, हेडला जोडणारी फिरती बाही (स्लीव्ह) पाहून सांगितले की ती लॉफ्ट कमी करण्याच्या खुणेवर फिरवलेली आहे. आधी कोणीतरी लांब मारण्याच्या मोहाने तसे केले असावे, आणि मी विचारले नाही. बहुतेक अशा फिरत्या बाह्यांमध्ये लॉफ्ट कमी केला की क्लब टेकवल्यावर फेस उघडा बसतो, आणि लॉफ्ट वाढवला की किंचित बंद बसतो. म्हणजे स्लाइसने त्रासलेला मी तीन महिने मुद्दाम उघडा केलेला क्लब वापरत होतो. वापरलेला किंवा नमुन्याचा ड्रायव्हर घेताना पहिल्यांदा बाहीवरची खूण पाहावी, सोबतची पाना-किल्ली मागून घ्यावी आणि स्क्रू ‘टक’ असा आवाज येईपर्यंत घट्ट करावा. हेडवर सरकणारे वजन असल्यास तेही कुठे आहे ते पाहावे. अशी जुळवणी फेरी सुरू होण्यापूर्वी हवी तशी करता येते. फेरीदरम्यान बदलून त्या क्लबने फटका मारणे नियमात बसत नाही.

लॉफ्टच्या बाबतीत आपल्याकडे अकारण पौरुष आडवे येते. नऊ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे ताकदवान खेळाडू, ही समजूत कशी रुजली ते कळत नाही. लॉफ्ट जास्त असला की एकूण फिरकीत बॅकस्पिनचा वाटा वाढतो आणि फिरकीचा अक्ष कमी कलतो, त्यामुळे फेसची तीच चूक १२ अंशांवर कमी वळण देते आणि ९ अंशांवर जास्त. ज्याच्या स्विंगचा वेग ताशी नव्वद मैलांच्या आसपास आहे, त्याने १०.५ पासून सुरुवात करून १२ करून पाहायला हरकत नाही. अंतर बहुधा कमी होत नाही, काहींचे वाढते.

लांबी हा दुसरा दुर्लक्षित दोष आहे. दुकानातला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस ते पावणेशेहेचाळीस इंचांचा असतो, आणि व्यावसायिक खेळाडूंतले अनेक जण याहून आखूड शाफ्ट वापरतात. ज्याच्या खुणा फेसभर पसरलेल्या आहेत, त्याने एक इंच खाली पकडून वीस फटके मारावेत. खुणा एकत्र आल्या तर शाफ्ट कापण्याचा विचार करावा, मात्र दरवेळी अर्धा इंचच. दर अर्ध्या इंचाला हेड स्विंगवेटच्या, म्हणजे स्विंगमध्ये जाणवणाऱ्या वजनाच्या मापाच्या, तीन अंकांनी हलके वाटू लागते आणि ते भरून काढायला सुमारे सहा ग्रॅम वजन हेडवर लावावे लागते. शाफ्टवरच्या ‘रेग्युलर’ आणि ‘स्टिफ’ या लवचीकतेच्या शिक्क्यांना सर्व कारखान्यांचे मिळून एक माप नाही, म्हणून अक्षरावरून भांडण्यात अर्थ नाही.

ग्रिपबद्दल एकच सांगतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि एप्रिल-मेच्या घामात रबर लवकर गुळगुळीत होते, हात नकळत आवळले जातात आणि आवळलेल्या हातांनी फेस बंद होत नाही. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने ग्रिप धुऊन पाहावी; तरीही निसटत असेल तर ती बदलावी. ड्रायव्हरच्या किमतीपुढे ग्रिपचा खर्च नगण्य आहे.

मग ड्रायव्हरची परीक्षा कशी घ्यावी

वरची तपासणी झाल्यानंतरच नव्या आणि जुन्या ड्रायव्हरची तुलना करण्यात हशील आहे. दुकानातल्या लाँच मॉनिटरसमोर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रासमोर, होते ती बहुधा परीक्षा नसते. तिथे सहा-सात फटक्यांत एक लांब जातो, पडद्यावर २४० यार्ड उमटतात आणि कार्ड काढले जाते. मी वापरतो ती पद्धत कंटाळवाणी आहे. जुन्याने पाच, नव्याने पाच असे आलटून पालटून प्रत्येकी वीस चेंडू मारायचे, दोन्ही वेळा चेंडू एकाच प्रकारचे ठेवायचे, कारण रेंजचे झिजलेले चेंडू एकमेकांशीही जुळत नाहीत. सर्वांत लांब फटक्याकडे पाहायचे नाही. प्रत्येक क्लबचे सर्वांत वाईट पाच फटके काढायचे, ते मध्यरेषेपासून किती दूर आणि किती कमी पडले ते पाहायचे. चुका पोटात घालणारा ड्रायव्हर या पाच फटक्यांतच ओळखू येतो; मध्यावर बसलेल्या फटक्यात सगळेच ड्रायव्हर सज्जन असतात.

पहिल्या दिवशी निकाल नव्याच्या बाजूने लागला, तरी आठवड्याने तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. नवा क्लब हातात असताना आपण सावध आणि सावकाश खेळतो, खुणा मध्याजवळ येतात, आणि त्याचे श्रेय हेडला जाते. सवय झाली की वेग वाढतो आणि जुना दोष परततो. सुरुवातीला सांगितलेल्या चौथ्या-पाचव्या फेरीचे रहस्य बहुतांशी एवढेच आहे. मे महिन्यात कडक जमिनीवर मिळालेल्या अंतराची ऑगस्टमधल्या चिखलातल्या अंतराशी तुलना करू नये. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, म्हणून हवेतले अंतरच धरावे. मुंबईचे आकडे पुण्यात लावतानाही सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या विरळ हवेमुळे दोनेक टक्क्यांचा फरक येतो, हे ध्यानात ठेवावे.

‘ड्रॉ’ प्रकारच्या हेडबद्दल बरेच जण विचारतात. त्यात वजन हीलकडे ठेवलेले असते. पिंगची एसएफटी ही त्यातली परिचित मालिका आहे. ज्याचे फटके मध्यावर आहेत आणि स्लाइस सौम्य आहे, त्याला त्याचा प्रामाणिक उपयोग होतो. तीस-चाळीस यार्डांचा स्लाइस असेल तर त्यातला काही भाग कमी होईल आणि उरलेला झाडांत जाण्यास पुरेसा असेल. माझ्या मते ड्रॉ हेड हा शेवटून दुसरा उपाय आहे. शेवटचा प्रशिक्षक; मात्र त्याच्याकडे रिकाम्या हाताने न जाता फेसवरच्या खुणांचे फोटो आणि लिहिलेल्या दिशा घेऊन जावे. माझ्या प्रशिक्षकाने त्या वीस फोटोंवरून पाच मिनिटांत जे सांगितले, त्यासाठी एरवी दोन तास चेंडू मारावे लागले असते.

त्या दरम्यानही दर आठवड्याला खेळायचे असतेच. अरुंद होलवर तेव्हा १५ अंशांचा, त्रेचाळीस इंचांच्या आसपासचा तीन वूड, म्हणजे ड्रायव्हरनंतरचा लांब फटक्याचा क्लब, काढावा. त्याचे हेड ड्रायव्हरच्या निम्म्याहून लहान असते, आघूर्ण बरेच कमी असते, आणि तरीही स्लाइसवाल्या बहुतेकांचा चेंडू त्याने अधिक सरळ जातो, कारण लॉफ्ट जास्त आहे आणि शाफ्ट आखूड आहे. दोन्ही क्लबच्या वीस-वीस खुणा शेजारी ठेवून पाहाव्यात. तीन वूडच्या खुणा दाटीने एकत्र आणि ड्रायव्हरच्या विखुरलेल्या दिसल्या, तर नवे हेड शोधण्याआधी ड्रायव्हर एक इंच खाली पकडून पुढच्या तीन फेऱ्या खेळाव्यात.